शंभराचा दांडा

डबीतली फिरकी अंगठ्याच्या नखाएवढी होती. तिला सहा पाती असायला हवी होती. त्रिशलाने ती भिंगाखाली धरून दोनदा मोजली. पाचच भरली.

डबीसोबत मिरजेच्या डॉक्टर शाहीन बारगीर यांची चिठ्ठी होती. ‘पातं तुटलं तेव्हा रुग्ण तपासणीसाठी माझ्यासमोरच झोपलेले होते, म्हणून वाचले. घरी असते तर ही डबी तुमच्यापर्यंत आली नसती. पातं का तुटलं ते कळवा. लवकर कळवा.’

‘सोबती’ पंप येऊन तीन वर्षं होत आली होती. थकलेल्या हृदयाच्या शेजारी तो बसवायचा; आतली टायटॅनियमची फिरकी मिनिटाला नऊ हजार वेळा फिरून रक्त पुढे ढकलत राहायची. आजवर चारशे बत्तीस फिरक्या चारशे बत्तीस छात्यांत बसल्या होत्या. त्या सगळ्या कोल्हापूरच्या पूर्वेकडच्या नव्या औद्योगिक वसाहतीत, एकाच कारखान्यात कापल्या गेल्या होत्या. आणि कोणत्या वेगाने कापायच्या हे त्या कारखान्याला सांगितलं होतं वसाहतीच्या मूल्यांकन केंद्राने, ज्याची प्रमुख त्रिशला मगदूम होती.

चारशे बत्तिसांत एक बाबासो खोत होते. तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान.

दोन दिवस ती कुणाशी काही बोलली नाही. फिरकीचा तुकडा उभा कापला, राळेत बसवला, आरशासारखा घासला, त्याला आम्लाचा हात दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तुटलेल्या पात्याच्या मुळाशी, अगदी कडेला, एक पांढरा पट्टा होता. जाडी चार मायक्रॉन; केसाचा विसावा हिस्सा.

हा पट्टा ती ओळखत होती. टूलची धार गेली की ते कापायचं सोडून घासायला लागतं. घासण्याने धातूची वरची कातडी क्षणभर लाल होते, लगेच थिजते आणि ताणलेली राहते. वरून सगळं गुळगुळीत, चकचकीत दिसतं. पण दिवसाला सव्वा कोटीच्या वर फेरे घेणाऱ्या वस्तूत ताणलेल्या कातडीला तडा जायला निमित्त लागत नाही, फक्त वेळ लागतो.

तिने कारखान्याच्या नोंदी मागवल्या. टूल दर बारा फिरक्यांनंतर बदललं होतं, नियमाप्रमाणे. वेग केंद्राने दिलेल्या अंकाप्रमाणे ठेवला होता, एका शतांशाचाही फरक नव्हता. तुटलेल्या फिरकीचा क्रमांक एकशे अडुसष्ट होता, म्हणजे चौदाव्या टूलची बारावी, शेवटची.

कारखान्याचं काही चुकलं नव्हतं. चुकला असेल तर अंक चुकला होता.

*

धातू धातूत फरक असतो. पितळ टूलसमोर रव्यासारखं गळून पडतं. टायटॅनियम उष्णता आत घेत नाही, सगळी टूलच्या टोकावर लोटतं आणि धार जाळतं. कोणता धातू किती सहज कापला जाईल हे पूर्वी कापूनच कळायचं. टूल लावायचं, घड्याळ लावायचं, आणि धार ठरावीक झिजेपर्यंत दिवसचे दिवस बसायचं. दहा वर्षांपूर्वी याच केंद्रात ‘चाचपणी’ तयार झाली. हिऱ्याचं एक टोक धातूच्या तोंडावर कडेपासून मध्यापर्यंत बारीक ओरखडा काढतं. त्याला किती जोर लागला, किती उष्णता झाली, आणि कानाला ऐकू न येणारा किती आवाज झाला, हे मोजून सात सेकंदांत एक अंक देतं. वसाहतीतली प्रत्येक मशीन आता तो अंक वाचून आपला वेग आपणच ठरवत होती. माणसाला विचारायची गरज उरली नव्हती.

पण अंक म्हणजे शेवटी तुलना. कशाच्या तरी शंभराशी. तो शंभर म्हणजे केंद्राच्या तळमजल्यावर कुलपात ठेवलेला पोलादाचा एक दांडा. दर सोमवारी त्याचं तोंड ताजं कापायचं, त्यावर चाचपणी चालवायची, आणि जे येईल त्याला शंभर म्हणायचं. बाकीच्या केंद्रांनीही आपापले शंभर इथूनच नेले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्रिशलाने पाच वर्षांतले सगळे अंक एका आलेखावर मांडले. पोलाद, पितळ, बीड, टायटॅनियम; वेगवेगळ्या भट्ट्यांचे, वेगवेगळ्या पुरवठादारांचे. रेषा आपापल्या उंचीवर सरळ चालल्या होत्या आणि मग एके ठिकाणी, तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सगळ्यांनी एकदमच पायरी चढली होती. पाच ते आठ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी.

एका सोमवारी वसाहतीतले सगळे धातू मऊ झाले होते.

धातू असं करत नाहीत. गज तोच राहिला आणि घरातली सगळी माणसं एका सकाळी उंच झाली, तर माणसं नाही, गज तपासायचा असतो.

तिला खरी भीती वाटली ती मात्र वेगळ्याच कारणाने. ही पायरी तिने आज पहिल्यांदा पाहिली नव्हती. तेव्हाही पाहिली होती. वेग वाढले, उत्पादन वाढलं, सगळे खूश होते. आणि तिने ‘नव्या भट्ट्या आणि सुधारलेली कर्तनसुलभता’ असा अठरा पानी निबंध लिहून त्या पायरीला कारण मिळवून दिलं होतं. त्याच निबंधावर ती प्रमुख झाली होती.

तो सोमवार कशाचा होता हे बघायला तिला रजिस्टर उघडावं लागलं नाही. त्या दिवसापासून पहिला दांडा संपला म्हणून दुसरा लावला होता. तरीही तिने रजिस्टर उघडलं. अक्षर अक्काचं होतं, तिच्या थोरल्या बहिणीचं.

*

“बेबी, दार लाव. धूळ येती.”

“अक्का, इथे बेबी म्हणू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं?”

“बरं, मॅडम. दार लावा.”

राजमती खोत, वसाहतीत सगळ्यांची अक्का, लेथपाशी उभी होती. वय छप्पन्न. सतराव्या वर्षापासून टर्नर. त्रिशलाचं सगळं शिक्षण तिच्या लेथच्या कमाईवर झालं होतं. सगळ्या वसाहतीत हाताने चालणारी लेथ आता ही एकच. तिला पर्याय नव्हता, कारण ज्या दांड्यावरून अंक ठरतो तो दांडा अंक वाचणाऱ्या मशीनने कसा कापणार?

“पहिला दांडा उतरवून दुसरा लावलास,” त्रिशला म्हणाली, “तेव्हा पाच सोमवार दोन्ही शेजारी शेजारी तपासायचे होते. जुन्याचा शंभर नव्यावर आणायला.”

“रजिस्टरात हाय की.”

“रजिस्टरात आहे ते मी वाचलं. तू तपासलंस का, ते विचारतेय.”

अक्काने चिंधीला हात पुसले. एकेक बोट, सावकाश. “का गं? आकडे चुकलेत?”

“नाही. फारच बरोबर आहेत. पाच जोड्या, आणि पाचही वेळा फरक शून्य पूर्णांक एक. खरं माप इतकं शहाण्यासारखं कधी वागतं का? थोडं इकडं पडतं, थोडं तिकडं. तूच शिकवलंस मला.”

अक्काने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दार ढकलून बाबासो आत आले. हातात डबा. कमरेला बॅटरीचा पट्टा, गळ्यात पंपाचं ओळखपत्र.

“काय मेव्हणीबाई, तोंड का असं? माझी बॅटरी संपली काय?”

“नाही दाजी. बसा.”

“बसतो कुठं, गेटवर मैफल टाकून आलोय. बत्तीस वर्षं एसटी चालवली, कधी वेळेवर पोचलो न्हाई. आता बायकोचा डबा एक मिनिट चुकवत न्हाई. म्हातारपणी माणूस सुधारतो तो असा.” ते अक्काकडे वळले. “वांगं हाय. आणि संध्याकाळचं पण आणलंय, तू मग उशीर करतीस आणि सूर्य बुडाला म्हणून उपाशी झोपतीस.”

ते वाकून डबा ठेवत होते तेव्हा ओळखपत्र पुढे झुललं. त्रिशलाला क्रमांक पाठ नव्हता. तिने आजवर तो कधी बघितलाही नव्हता. तीनशे नऊ. तिच्या डोक्यात हिशेब आपोआप झाला. पंचवीस टूलच्या तीनशे. वर नऊ. सव्विसाव्या टूलची नववी.

“चला, मी हाय बाहेर,” बाबासो म्हणाले. “भांडायचं असेल तर जरा मोठ्यानं भांडा, वॉचमनला पण करमत न्हाई.”

दार लागलं. त्रिशलाने खिशातून डबी काढून लेथवर ठेवली आणि उघडली.

“ही सोबतीची फिरकी आहे. पातं तुटलंय. त्याचं टायटॅनियम आपल्या अंकावर कापलंय. आणि अंक त्या सोमवारपासून खोटा आहे.”

अक्काने डबीत पाहिलं. मग बंद दाराकडे. मग किल्ल्यांचा जुडगा काढला, कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं आणि बाजूला सरकली.

सर्वांत वरच्या कप्प्यात लाल कापडावर पहिल्या दांड्याचं बूड होतं. चार बोटं लांब, मनगटाहून जाड. त्यावर हळदीकुंकवाचे थर वाळले होते, तीन खंडेनवम्यांचे; पुढे चुरा झालेला झेंडू आणि आपट्याची पानं.

“संपला नव्हताच,” त्रिशला म्हणाली.

“त्या पाच सोमवारांत संपणार होता.” अक्काचा आवाज बारीक झाला होता. “माझ्या हाताखाली माझं म्हणून आलेलं पहिलं लोखंड ते, बेबी. बाकी सगळं जन्मभर लोकांचं कापलं. त्या खंडेनवमीला ह्याच्यापुढं नारळ फोडला. सगळ्या केंद्रानं हळद लावली. तू पण लावलीस. आणि सोमवारी मी त्यालाच लेथच्या चकात आवळून शेवटची साल काढायची? हात झाला न्हाई. दोन्ही दांडे एकाच ओतीतले. सख्ख्या बहिणी. म्हटलं फरक असून असून काय असणार?”

“सख्ख्या बहिणींत फरक नसतो होय?”

अक्काने लाल कापडाची घडी सारखी केली.

“पोलाद साच्यात थिजताना गंधक वर सरकतं,” त्रिशला सांगू लागली. सांगताना तिला जरा बरं वाटलं. एवढं तरी तिला नक्की माहीत होतं. “हा दांडा साच्याच्या वरच्या अंगाचा. गंधकामुळे साल पटकन तुटते, म्हणून कापायला मऊ. दुसरा खालच्या अंगाचा, जरा चिवट. चिवट दांड्याला तू शंभर म्हणालीस, त्यामुळे बाकीचं सगळं आहे त्याच्यापेक्षा मऊ दिसायला लागलं. मशीन जोरात चालल्या. पितळाला त्याने काही होत नाही. टायटॅनियमला होतं. तिथे वेग सात टक्के वाढला की टूलचं आयुष्य सात टक्के कमी होत नाही, चौथ्या हिश्शाहून जास्त कमी होतं. बारा फिरक्यांचं टूल आठ-नऊ फिरक्यांतच बोथट झालं, आणि पुढच्या त्याने घासून काढल्या.”

“म्हणजे बारातल्या शेवटच्या खराब.”

“हो.”

“शेवटच्या किती?”

“ते दोन दांड्यांत नेमका फरक किती, यावर आहे. आलेख पाच ते आठ एवढंच सांगतो. टूल लागली छत्तीस, म्हणून बारातल्या एकेका जागेमागे छत्तीस माणसं आहेत. फिरकी बदलायची तर छाती परत उघडावी लागते, आणि शंभरातले आठ-नऊ त्यातून उठत नाहीत. उगीच उघडायचं नाही आणि उगीच सोडायचं नाही. त्या वेळचं टायटॅनियमही आता कुठे शिल्लक नाही.”

अक्का कप्प्याकडे बघत होती. “हे हाय.”

“हे आहे,” त्रिशला म्हणाली. “तू नियमाने कापलं असतंस तर हे उरलं नसतं. आणि उरायची गरजही पडली नसती.”



“यांची कितवी?” अक्काने विचारलं.

त्रिशलाला खोटं बोलता आलं असतं. “नववी.”

“आणि फरक कितीच्या वर गेला की नववी अडकती?”

“ते सांगणार नाही. तू कापणार आहेस.”

अक्काने तिच्याकडे नीट पाहिलं. “शहाणी झालीयास,” ती म्हणाली.

*

खरं तर नियम वेगळा होता. ज्याचं माणूस निकालात गुंतलंय त्याने दांड्याला हात लावायचा नाही. त्रिशलाने तो नियम दोनदा वाचला आणि फोनवर डॉक्टर बारगीरना सगळं सांगितलं, बहिणीचं नातं आणि नववीसुद्धा.

“दुसरं कुणी कापू शकेल?” डॉक्टरांनी विचारलं.

“माणसं आहेत. पण हाताच्या लेथवर पोलादाचं तोंड कापलेलं कुणी नाही. आणि तुकडा एकच आहे.”

“मग काय झालं ते जसंच्या तसं लिहा,” डॉक्टर म्हणाल्या. “मला सकाळपासून चार जणांनी फोन केलेत. बातमी फुटली म्हणून नव्हे. पंपाचा आवाज वेगळा येतोय का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी प्रत्येकाला ‘बघते’ म्हणाले. उद्या तसं म्हणता येणार नाही.”

चार वाजता अक्काने दांडा खाली घेतला. हळदीकुंकू रॉकेलने धुतलं. रॉकेलबरोबर ते पिवळं-लाल होऊन नळीत गेलं तेव्हा तिने तिकडे पाहिलं नाही. निम्मा दांडा चकाच्या जबड्यात गेला. बाहेर राहिला त्यात पाच तोंडं निघणार होती. ओरखड्याखालचा धातू दबलेला असतो. तो पूर्ण काढल्याशिवाय पुढचं तोंड खरं बोलत नाही. त्या वेळी जी पाच घ्यायची राहिली होती, तीच पाच. सहावं नाही.

“पाचही जोड्यांची सरासरी धरायची,” त्रिशलाने रजिस्टर पुढ्यात घेत नियम वाचला. “एखादी वगळायची असेल तर कापणाऱ्याने कारण लिहून सही करायची. तो अधिकार दुसऱ्या कुणाला नाही.”

“ठाऊक हाय. नियम माझ्यासमोर लिहिलाय.”

लेथ सुरू झाली. अक्काने टूल तोंडाला टेकवलं आणि चाक फिरवलं. पहिली साल गंजाची, काळपट. मग निळसर, मग चांदीसारखी. बारीक तुटक वळ्या ट्रेमध्ये टपटप पडू लागल्या. अक्का श्वास धरून उभी होती, फक्त दोन बोटं हलत होती. तोंड मध्यापर्यंत गेलं. लेथ थांबली. चाचपणीचा हिरा फिरला. मग तसंच दुसऱ्या दांड्यावर.

पडद्यावर फरक आला. सहा पूर्णांक आठ.

त्रिशलाने लिहिलं. आलेखावरून तिने काढलेली रेघ सहाच्या किंचित खाली होती. फरक तिच्या आत राहिला तर नववी सुटते. 

दुसरी. सात पूर्णांक एक.

तिसऱ्या वेळी साल मध्यावर जराशी अडखळली. एक वळी टूलखाली गुंतली आणि निसटली. अर्धा सेकंदही नसेल. अक्काची बोटं थबकली, मग पुढे गेली. हिरा फिरला. एक पूर्णांक नऊ.

त्रिशलाने अक्काकडे पाहिलं. अक्का टूल मागे घेत होती. काही बोलली नाही. त्रिशलाने एक पूर्णांक नऊ लिहिलं.

चौथी. सहा पूर्णांक नऊ.

पाचवी. सहा पूर्णांक आठ. चकाच्या जबड्याला टूल लागायला तांदळाएवढी जागा उरली होती. अक्काने लेथ बंद केली.

त्रिशलाने बेरीज केली. साडेएकोणतीस. भागिले पाच. तिने परत केली, कारण पहिल्यांदा तिचा विश्वास बसला नाही. पाच पूर्णांक नऊ. रेघेच्या आत, केसाएवढं, पण आत. नियमाप्रमाणे पाचही धरून. नववी सुटत होती. तिने मान वर केली, आणि तिला कळलं की आपण हसतोय.

अक्का तिच्या चेहऱ्याकडेच बघत होती. लहानपणापासून तिला तो चेहरा वाचता येत होता. निकालाच्या दिवशी कागद बघायची तिला कधी गरज पडली नव्हती.

“सुटले म्हणतीस,” अक्का म्हणाली.



अक्काने लेथच्या कडेला दोन्ही हात टेकले. बाहेरून बाबासोंचं हसू ऐकू आलं; वॉचमनला ते कुठल्यातरी घाटाची गोष्ट सांगत होते. अक्का ते संपेपर्यंत थांबली.

“तिसरा काढ.”

“काय?”

“तिसरा आकडा काढ. ते कापलं न्हवतं. घासलं होतं.”

“अक्का.”

“वळी अडकली. टूल वर उचललं गेलं आणि मधला भाग नुसता घासून गेला. घासल्यावर लोखंड चिवट होतं, म्हणून तिथं दोन्ही दांडे सारखे दिसले. तुझ्या फिरकीला झालं तेच.”

“तेव्हा का बोलली नाहीस?”

“तेव्हा मला रेघ कुठं हाय ते ठाऊक न्हवतं. म्हटलं, असंल हा आकडा आपल्या बाजूचा, तर असू दे.” तिने चिंधी उचलली आणि परत ठेवली. “आता कळली. आता गप्प बसले तर आणि एकदा रजिस्टरात खोटं जाईल. ह्या वेळी पोरगी पण शेजारी बसून लिहिणार. ते नको.”

“दाजींची छाती उघडावी लागेल,” त्रिशला म्हणाली. तिला स्वतःचा आवाज परका वाटला. “चौसष्ट वय आहे. शंभरातले आठ-नऊ म्हणाले मी, त्यांच्या वयाला बारा धर. अक्का, नियम पाच धरायला सांगतो. कुणी आपल्याला विचारणार नाही.”

“मला विचारतील की. रोज. ते वांगं घेऊन आत आले की त्यांच्या पंपाचा आवाज येतो, तो विचारल.” अक्काने हात पुढे केला. “दे इकडं.”

त्रिशलाने रजिस्टर लगेच दिलं नाही. तो क्षण पुढे पुष्कळ दिवस तिच्या लक्षात राहिला. अक्काला थांबवायचं तिच्या मनात किती होतं, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. मग तिने रजिस्टर फिरवून पुढे केलं.

अक्काने तिसऱ्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारली, आकडा वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: ‘वळी अडकून टूल घासले. वगळणे. राजमती बा. खोत.’ मग पानं उलटत तीन वर्षं मागे गेली. शून्य पूर्णांक एक असलेल्या पाच ओळींखाली तिने लिहिलं: ‘हे आकडे मोजलेले नाहीत. मी मनाने लिहिले.’ खाली सही. आजची तारीख.

चार आकड्यांची सरासरी सहा पूर्णांक नऊ आली. नववी ते बारावी. छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस.

“माझी जागा कुठं?” त्रिशलाने विचारलं.

“कसली?”

“मी पण पायरी बघितली होती. आणि तिला खोटं कारण दिलं होतं.”

अक्काने पेन तिच्याकडे दिलं. “माझ्या खाली लिही. हाय जागा.”

*

सूर्य अजून वसाहतीच्या चिमण्यांच्या वर होता. गेटपाशी बाकावर बाबासोंनी संध्याकाळचा डबा उघडून ठेवला होता. अक्का त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्रिशला पाच पावलांवर, हातात यादी घेऊन उभी राहिली. अक्काने सगळं सांगितलं, दांड्यापासून, नारळापासून. काही गाळलं नाही. बाबासो मध्येच एकदा “हं” म्हणाले, आणि एकदा नकळत छातीवर हात ठेवून काढला.

“म्हणजे तू देवाला लावलेलं कापलंस न्हाईस, म्हणून मला आता कापणार,” शेवटी ते म्हणाले.

अक्का रडली ती तिथे. आवाज न करता, तोंडाला पदर लावून.

“अगं, जेव,” बाबासो म्हणाले. “सूर्य हाय तोवर जेव. घाटात ब्रेक गेला तर ड्रायव्हरनं रडायचं नसतं, गाडी कडेला घ्यायची असते. रडायचं ते डेपोत गेल्यावर.” त्यांनी भाकरी मोडून तिच्या हातात दिली. मग वर पाहिलं. “यादीत किती माणसं, मेव्हणीबाई?”

“एकशे चव्वेचाळीस. एक फिरकी डबीतच आहे. म्हणजे एकशे त्रेचाळीस.”

“सगळ्यांना तुम्हीच सांगणार?”

“डॉक्टर बारगीर आणि मी, वाटून घेतलंय. आज संध्याकाळपासून.”

“काय सांगणार?”

त्रिशलाने कागदावरून वाचायला सुरुवात केली. आवाज दुसऱ्याच ओळीला फुटला.

“असं न्हाई चालायचं,” बाबासो म्हणाले. “समोरचा माणूस हे ऐकून भिंतीला टेकल. माझ्यापासनं सुरू करा.”

“तुम्ही तर इथेच आहात. तुम्हाला आता कळलंय.”

“कळलंय म्हणून तर. पहिला फोन घरातला बरा. चुकलं तर मी सांगीन. लावा.”

तिने फोन लावला. पाच पावलांवर, बाबासोंच्या शर्टाच्या खिशात तो वाजला. त्यांनी हात पुसले, फोन काढला, नाव वाचून बघितलं आणि ओळख नसल्यासारखा कानाला लावला.

“हॅलो. कोण बोलतंय?”

“नमस्कार. मी मूल्यांकन केंद्रातून त्रिशला मगदूम बोलतेय. आपण बाबासो खोत ना? आपल्या सोबती पंपातली फिरकी, क्रमांक तीनशे नऊ...” तिने कागदाकडे पाहिलं. “तिच्यात दोष असण्याची शक्यता आहे. चूक आमची आहे. काळजी करू नका...”

“ते काढा,” बाबासो फोनमध्ये म्हणाले. “काळजी करू नका म्हटलं की माणसाला पहिली काळजी लागती. कधी यायचं, कुठं यायचं, सोबत कोण लागंल, ते सांगा.”

तिने खिशातलं पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं.

“उद्या सकाळी नऊ वाजता,” ती म्हणाली, “मिरजेला. उपाशीपोटी. सोबत घरचं माणूस.”

“हाय,” बाबासो म्हणाले. “शेजारीच बसलंय. जेवतंय.” आणि फोन ठेवायच्या आधी थोडं थांबून, “आता बरोबर झालं. पुढचा लावा.”